डॉ. रखमाबाई : एका नकाराची कहाणी

तुरुंग म्हटला की मराठी माणसाला मंडाले आठवते, अंदमान आठवते, येरवडा आठवतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली हे आपण शाळेतच शिकतो. या तुरुंगांना आपण जवळजवळ तीर्थक्षेत्रांचा मान दिला आहे आणि तो योग्यच आहे. पण 4 मार्च 1887 या दिवशी मुंबईच्या हायकोर्टाने एका बावीस वर्षांच्या मराठी मुलीपुढे तुरुंगाचा दरवाजा उघडा केला, तेव्हा समाजातल्या फार मोठ्या वर्गाला तो न्याय अगदी रास्त वाटला. त्या मुलीने चोरी केली नव्हती, राजद्रोह केला नव्हता. ज्याच्याशी अकराव्या वर्षी आपले लग्न लावून दिले गेले, त्याच्या घरी नांदायला जायचे तिने नाकारले होते. एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा तो हुकूम होता. तिने तुरुंग पसंत केला.

ही मुलगी म्हणजे रखमाबाई. पुढे त्या डॉ. रखमाबाई म्हणून नावारूपाला आल्या.

रखमाचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई; जात सुताराची. मुलगी झाली तेव्हा जयंतीबाईंचे वय पंधरा होते आणि विधवा झाल्या तेव्हा सतरा. म्हणजे मुलीच्या नशिबी जे आले, त्याची चव आईने आधीच घेतली होती. जयंतीबाई ब्राह्मण घरात असत्या तर कोपऱ्यातल्या अंधारात त्यांचे उरलेले आयुष्य गेले असते. परंतु सुतार समाजात विधवेचा पुनर्विवाह रूढीने मान्य होता. सुमारे सहा वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी लग्न केले. विधवेने पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपावा, असे 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्यातच म्हटले होते. त्यामुळे जनार्दनरावांची मिळकत रखमाच्या नावावर झाली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे कोर्टात आणि वर्तमानपत्रांत या मिळकतीवरून बरीच धूळ उडाली.

सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतले मोठे नाव. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामांकित डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, आणि 1883 साली मुंबईत जी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तिच्या आठ संस्थापकांपैकी दोन हिंदी गृहस्थांतले एक. दुसरे होते प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग. अशा माणसाच्या घरात रखमा वाढली. सुधारकांची ये-जा, पुस्तके, औषधांचा वास, झाडापानांची चर्चा. पोटच्या बापाने करावी तशी माया या सावत्र बापाने तिच्यावर केली.

आणि तरीही रखमाचे लग्न अकराव्या वर्षी झाले. सुधारकाच्या घरातसुद्धा! हे वाचताना मला प्रथम राग आला होता. नंतर वाटले, त्या काळचा रेटाच तसा असणार. घरात विचार नवे आले तरी जातीची, नातेवाइकांची आणि आजोळची तोंडे काही बंद होत नाहीत. नवरा मुलगा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला आणि गरीब. त्याने सासऱ्यांच्या आश्रयाने राहावे, शिकावे आणि चांगला माणूस व्हावा, अशी बोली होती. लग्नानंतर रखमाची शाळा सुटली. ती माहेरीच राहिली. पुढे ती वयात आल्यावर गर्भाधानाचा विषय निघाला, तेव्हा इतक्या कोवळ्या वयात संसार सुरू करणे शरीराला घातक आहे म्हणून सखाराम अर्जुनांनी त्याला ठाम नकार दिला. डॉक्टरकीचे ज्ञान रूढीच्या आड आले, आणि त्यातूनच पुढचा सारा इतिहास घडला.

शाळा सुटली तरी रखमा शिकत राहिली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणायची आणि घरी बसून वाचायची. इंग्रजी ती अशीच शिकली. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या सभांना जायची. (आपल्या वर्गातही दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर हजेरीपटावरचे एखादे नाव गळते. लग्न ठरले, एवढेच कळते. तिने पुढे घरी बसून काय वाचले, ते कोणी विचारत नाही.)

इकडे दादाजींचे गणित चुकत गेले. विसाव्या वर्षी लहान मुलांच्या बाकावर बसून शिकणे त्यांना मानवले नाही. ते सासऱ्यांचे घर सोडून मामा नारायण धुर्माजी यांच्याकडे राहू लागले. त्या घरातले वातावरण चांगले नव्हते. त्यातच त्यांना क्षयाची बाधा झाली. हातात शिक्षण नाही, धंदा नाही, प्रकृती नाही. पण दादाजींना राक्षस ठरवण्याची मला गरज वाटत नाही. त्यांचेही लग्न इतरांनीच ठरवले होते. श्रीमंत, शिकलेल्या सासरचा जावई म्हणून त्यांच्या वाट्याला आलेली कुचंबणा कोणी लिहून ठेवलेली नाही. पण कुचंबणा झाली म्हणून दुसऱ्या जिवावर मालकी मिळते का, हा प्रश्न उरतोच.

मार्च 1884 मध्ये दादाजींनी सॉलिसिटरमार्फत सखाराम अर्जुनांना नोटीस पाठवली, की माझ्या बायकोला माझ्याकडे येऊ द्या. उत्तर गेले, की तिला कोणी अडवलेले नाही. खरी गोष्ट तीच होती. तिला अडवणारी ती स्वतःच होती. दादाजींचे हलाखीचे जिणे, त्यांची प्रकृती आणि त्यांच्या घराचे वळण ही कारणे तिने पुढे मांडली. पण सगळ्यांच्या मुळाशी एक साधे कारण होते. ज्या लग्नाला मी कधी होकार दिला नाही, ते लग्न मला बांधू शकत नाही. हा विचार आज आपल्याला सरळ वाटतो. 1884 साली मुंबईतल्या एका मुलीने तो कोर्टात मांडणे म्हणजे चालत्या गाडीपुढे उभे राहणे होते.

नांदवण्याच्या दाव्यातली खरी गंमत वेगळीच आहे. बायको नांदायला येत नाही म्हणून तिला कोर्टामार्फत ओढून आणावे, ही तजवीज आपल्या धर्मशास्त्राची नव्हे. ती इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेली होती. इंग्रजांबरोबर ती इथल्या कोर्टांत शिरली आणि 1882 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हुकूम मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात ठेवण्याची सोय केली. म्हणजे हिंदू धर्म बुडतो म्हणून ज्यांनी ओरड केली, ते हिंदू धर्माच्या रक्षणासाठी इंग्रज पाद्र्यांचे शस्त्र वापरत होते! याहून चमत्कारिक म्हणजे खुद्द इंग्लंडने 1884 सालीच कायदा करून या कारणासाठी होणारी कैद रद्द केली होती. लंडनची बाई ज्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जाऊ शकत नव्हती, त्याच गुन्ह्यासाठी मुंबईची बाई जाऊ शकत होती.

खटला उभा राहिला, पण निकाल लागण्याआधीच, एप्रिल 1885 मध्ये सखाराम अर्जुन वारले. ज्याच्या जोरावर नकार द्यायचा तो आधारच गेला. इथे रखमाबाईंनी माघार घेतली असती तर त्यांना कोणी बोल लावला नसता. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी, 26 जून 1885 रोजी, टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर एक इंग्रजी पत्र छापून आले. खाली सही एका हिंदू स्त्रीची, नाव नाही. मुलींची बुद्धी उमलू लागते नेमक्या त्याच वयात लग्न त्यांचे शिक्षण तोडते, मुलांचे मात्र लग्नानंतरही चालू राहते, असे तिने त्यात मांडले होते. सप्टेंबरात दुसरे पत्र आले, सक्तीच्या वैधव्यावर. ही स्त्री कोण याचे मुंबईला मोठे कुतूहल वाटले. ती रखमाबाईच होती. घरी बसून वाचलेली पुस्तके फुकट गेली नव्हती.

दुसरे पत्र आले त्याच सुमारास, 21 सप्टेंबर 1885 रोजी, न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. अजाण वयात लावलेले आणि पुढे कधी प्रत्यक्षात न आलेले लग्न पुरे करण्यासाठी एका तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले, आणि तसे करायला कायद्याने आपण बांधलेले नाही असे ठरवून त्यांनी दावा फेटाळला. सुधारकांना आनंद झाला. सनातनी पत्रे खवळून उठली. दादाजींनी अपील केले. सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी एप्रिल 1886 मध्ये पिन्हे यांचा निकाल फिरवून खटला पुन्हा चालवण्यासाठी खाली पाठवला. तोवर पिन्हे सेवेतून निवृत्त झाले होते. खटला न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे आला. रखमाबाईंच्या बाजूने काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे विद्वान वकील होते. पण विद्वत्ता एकीकडे आणि कायद्याचे कलम एकीकडे. फॅरन यांनी सुरुवातीला सांगितलेला हुकूम दिला.

आता तारखा जरा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या. अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या त्या एकवीस वर्षांच्या मुलीसाठी सनातनी मंडळीही हळहळली. त्यानंतर सहाच दिवसांनी रखमाबाईंना तुरुंगाचा हुकूम झाला. एकीसाठी डोळ्यांत पाणी आणि दुसरीसाठी संताप. असे का व्हावे? दोघी शिकलेल्या, दोघींची लग्ने बालपणी झालेली. मला एकच उत्तर सापडते. आनंदीबाई नवऱ्याच्या इच्छेने शिकल्या; रखमाबाईंनी आपल्या इच्छेने नवरा नाकारला.

लोकमान्य टिळकांनी या प्रकरणात फॅरन यांच्या निकालाची बाजू घेतली. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिले पाहिजे. कोल्हापूर प्रकरणात 1882 साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले होते. तुरुंग म्हणजे काय हे टिळकांना पुस्तकातून कळलेले नव्हते. तरीही इंग्रजी शिक्षणाने मुली बिघडतात याचे उदाहरण म्हणून त्यांनी रखमाबाईंकडे बोट दाखवले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, ही त्यांची भूमिका समजण्यासारखी आहे. पण इथे घरात हात घालायला परक्यांचे कोर्ट बोलावले होते ते दादाजींनी! टिळक-आगरकरांची वाट ज्या वादांनी वेगळी झाली त्यांत हाही एक वाद होता. 1887 सालीच आगरकर केसरीतून बाहेर पडले. टिळकांविषयीचा माझा आदर यामुळे आटला असे नाही. मात्र जयंतीच्या भाषणांतून हा भाग नेहमी गाळला जातो, ते बरे नाही.

बहरामजी मलबारी, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ (कवी वर्ड्‌स्वर्थचे नातू) आणि कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंच्या मदतीसाठी समिती उभी केली. 9 एप्रिल 1887 रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रखमाबाईंचे पत्र छापले गेले. मुलगी पंधराची आणि मुलगा वीसचा होण्याआधी झालेले लग्न कायद्याने मानू नये, असे त्यांनी त्यात सुचवले होते. डोक्यावर तुरुंग लटकत असताना या बाईंनी सुटकेची याचना करण्याऐवजी कायद्याचा मसुदा सुचवावा, हे मला फार विलक्षण वाटते. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची हकिकत घातली.

इकडे दादाजींच्या बाजूनेही छापील पुस्तिका निघाली. मुलीच्या आजोळच्यांनी मिळकत हातची जाऊ नये म्हणून तिला फूस दिली, असा तिचा रोख होता. रखमाबाईंनी वर्तमानपत्रातूनच उत्तर दिले. घरातली धुणी अशी चव्हाट्यावर धुतली जात असताना त्या कोणत्या अवस्थेत असतील, याची कल्पना करवत नाही. आज एखादी मुलगी गल्लीतल्या चार जणांच्या बोलण्याने खचते. इथे तर दोन देशांची वर्तमानपत्रे बोलत होती.

प्रत्यक्षात रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. हुकुमावर अपील झाले, अंमलबजावणी लांबत गेली, आणि जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींनी 2000 रुपये घेतले आणि हुकुमाची बजावणी करून घेणार नाही असे कबूल केले. व्हिक्टोरिया राणीने आपल्या अधिकारात हे लग्न मोडले, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. कथा गोड आहे, पण खरी नाही. शेवट झाला तो पैशाने. त्या जिंकल्या असे कोर्टाच्या दप्तरात कुठेही लिहिलेले नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या दादाजींच्या पत्नीच राहिल्या. दादाजींनी पुढच्याच वर्षी दुसरे लग्न केले. पुरुषाला तशी मोकळीक होती. रखमाबाईंना ती नव्हती.

त्यांना डॉक्टर व्हायचे होते. डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना पाठबळ दिले. 1869 साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी झगडलेल्या मुलींपैकी त्या एक होत्या. दार ठोठावणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. 1889 साली रखमाबाई विलायतेला निघाल्या. तिथे वॉल्टर मॅक्लारेन आणि त्यांच्या पत्नी ईव्हा यांनी त्यांना घरच्यासारखा आश्रय दिला. स्त्रियांसाठीच्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी अभ्यास केला. 1894 साली स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची सनद घेतली, ब्रसेल्सची एम.डी. पदवीही मिळवली. अकराव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी तिसाव्या वर्षी डॉक्टर होऊन परत आली. पहिली हिंदी स्त्री डॉक्टर कोण, असा वाद आपल्याकडे हौसेने घातला जातो. आनंदीबाईंना व्यवसाय करण्याइतके आयुष्यच लाभले नाही आणि कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली रखमाबाईंच्या आधीपासून व्यवसाय करत होत्या. पहिला नंबर कोणाचा हे ठरले नाही म्हणून काही बिघडत नाही.

पुढची पस्तीसेक वर्षे त्यांनी रुग्णसेवेत घालवली. प्रथम काही काळ मुंबईचे कामा हॉस्पिटल, मग 1895 पासून सुरतेचे बायकांचे इस्पितळ, आणि 1918 पासून राजकोट संस्थानचे जनाना इस्पितळ. सरकारी वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे त्यांनी नाकारले. राजकोटला रेडक्रॉसची शाखा काढली. या काळाविषयी लिहिण्यासारखे प्रसंग कमी आहेत. खटल्याच्या चार वर्षांवर ग्रंथ निघाले. सुरत-राजकोटच्या तीन दशकांत किती बाळंतिणी त्यांच्या हाताखालून सुखरूप गेल्या, हे कोण मोजणार?

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. 1904 साली दादाजी वारले. बातमी कळल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र नेसायला सुरुवात केली. ज्याच्या घरात पाऊल टाकायचे नाही म्हणून त्या तुरुंगात जायला निघाल्या होत्या, त्याच्या नावाने पांढरे लुगडे! यावर अनेकांनी अनेक तर्क केले आहेत. काही म्हणतात, शेवटी संस्कार जिंकले. मला ते पटत नाही. कदाचित बायकांच्या इस्पितळात, जिथे घराघरांतल्या सोवळ्या सासवा सुनांना घेऊन येत, तिथे लोकांच्या जिभा बंद ठेवण्याचा तो सोपा मार्ग असेल. कदाचित त्या माणसाविषयी मनात कुठेतरी करुणाही असेल. किंवा जे लग्न कोर्टाने शेवटपर्यंत मोडू दिले नाही, ते आता संपले, हे सांगण्याची त्यांची ती रीत असेल. आमच्या एका प्राध्यापकांशी बोलताना ते म्हणाले, की माणसाचा सगळा हिशेब जुळलाच पाहिजे असा आग्रह धरू नये. मी तो सोडून दिला आहे.

नोकरीतून निवृत्त होऊन त्या मुंबईला परतल्या. 1929 साली पडदा पद्धती नाहीशी करण्याची गरज सांगणारी एक इंग्रजी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. म्हणजे 1885 साली निनावी पत्र लिहिणारा हात पासष्टीला आला तरी थांबला नव्हता. आता खाली नाव होते एवढेच. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

कायदा मात्र त्यांच्यापेक्षा हळू चालला. संमतिवयाचा कायदा 1891 साली झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारावर आले. नांदायला न जाणाऱ्या स्त्रीला तुरुंगात टाकण्याची तरतूद 1923 साली रद्द झाली, इंग्लंडच्या मागून एकोणचाळीस वर्षांनी. रखमाबाई तेव्हा राजकोटच्या इस्पितळात काम करत होत्या. 18 मे 1955 रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला. त्याने घटस्फोटाची वाट मोकळी केली. पण त्याच कायद्याच्या नवव्या कलमात नांदवण्याचा दावाही ठेवला. आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने 1983 साली हे कलम घटनाबाह्य ठरवले आणि 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले.

तो 1955 चा कायदा अमलात आला तेव्हा रखमाबाई नव्वद वर्षांच्या होत्या. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला मुंबईत त्यांचे निधन झाले. पिन्हे यांच्या निकालाला तेव्हा सत्तर वर्षे आणि चार दिवस झाले होते.